बाहेर जिंकतात, घरी हरतात

३ ऑक्टोबर, मंगळवार

ही वही बायकोनं आणून दिली. म्हणाली, जे काही मनात चाललंय ते हिच्यात लिहा, मला सकाळ-संध्याकाळ ऐकवू नका. तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई आहे. तिनं वही दिली की लिहावंच लागतं.

तर लिहितो. बावीस वर्षं एकाच क्लबच्या मुलींना बास्केटबॉल शिकवलं. मे महिन्यात हृदयाच्या डॉक्टरांनी माझे कागद उलटसुलट करून पाहिले आणि सांगितलं, बाकावर बसणं बंद. मी म्हटलं, बसतो कुठं, मी तर उभाच असतो. ते हसले नाहीत. ओरडायचं नाही, धावायचं नाही, पंचांशी भांडायचं तर मुळीच नाही. त्यानंतरचे चार महिने मी खिडकीपाशी बसून समोरच्या इमारतीतले लोक गाड्या कशा लावतात ते पाहत होतो. एकालाही धड लावता येत नाही.

संघ आता माझ्या सहायक प्रशिक्षकाकडे आहे. मी तिला लवंगी म्हणतो. चौदा वर्षांची होती तेव्हापासून म्हणतो. उंचीला एवढीशी आणि जिभेला तिखट. आधी माझी खेळाडू, मग कप्तान, मग अकरा वर्षं सहायक. समितीनं तिला एकच हंगाम दिलाय. संघ वरच्या गटात टिकला तर ती राहणार. खालच्या गटात घसरला तर तिला नारळ देऊन बाहेरून कुणीतरी नावाजलेला माणूस आणणार. पाच सामने झालेत, दोन जिंकलेत, दोन्ही आपल्या हॉलमध्ये. जीव टांगणीला लागलाय, पण मला सल्ला द्यायला डॉक्टरांनी आणि बायकोनं एकमतानं बंदी केली आहे.

आज दुपारी इथल्या रेडिओच्या निर्मातीचा फोन आला. घरच्या मैदानावरचे सामने ते थेट ऐकवतात. त्यांचा जाणकार नोकरी बदलून गेला, तुम्ही येता का, असं विचारत होती. मी सांगितलं, मला ओरडायची बंदी आहे. ती म्हणाली, उत्तम, ओरडायला आमच्याकडे माणूस आहे.

१५ ऑक्टोबर, रविवार

काल पहिला सामना. मला वाटलं होतं काचेची केबिन वगैरे असेल. गॅलरीच्या वरच्या रांगेत एक डुगडुगणारं टेबल, दोन मायक्रोफोन, आवाज कमी-जास्त करायची एक पेटी, संपलं. मायक्रोफोनला स्पंजची टोपी असते. ओठांपासून चार बोटं लांब धरायचा. आणि ‘प’ किंवा ‘फ’ जोरात म्हटलं की ऐकणाऱ्याच्या कानात फटका बसतो. आता बास्केटबॉलमध्ये पास आणि फाउल सोडून बोलायचं तरी काय? निर्मातीनं यावर एक युक्ती शिकवली: तोंड जरा तिरकं करून बोलायचं. दोन तास मी मान वाकडी करून बोललो. आज मान दुखते आहे, पण हे सगळं फार मजेदार आहे.

माझ्या जोडीचा निवेदक वयानं माझ्यापेक्षा लहान, आवाजानं मात्र आजोबा. इतका खालचा सूर की मी त्याला मनातल्या मनात खर्जबुवा म्हणू लागलोय. चेंडू कुणाकडे आहे ते तो सांगतो आणि तसं का झालं ते मी सांगायचं, अशी वाटणी.

दुसऱ्या क्वार्टरमध्ये एक गंमत झाली. लवंगीनं बाकाजवळून कानाची पाळी ओढली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘आता डावीकडून स्क्रीन येणार.’ म्हणजे एक मुलगी वाटेत खांबासारखी उभी राहणार आणि तिच्या आडून दुसरी मोकळी सुटणार. आली. चेंडू आत गेला. खर्जबुवा पाहतच राहिला. पुढं तिनं कोपर खाजवलं. मी सांगितलं, आता उंच पास, शिडीच्या हातात. शिडी म्हणजे आमची सर्वांत उंच मुलगी. तसंच झालं. डोक्यावर मूठ ठेवली. मी म्हटलं, कोपऱ्यातून लांबचा नेम. तोही तसाच.

यात जादू काही नाही. त्या खुणा मीच बसवल्यात, कारण हॉलमधल्या गोंगाटात ओरडून काही पोचत नाही. लवंगीनं त्यातली एकही बदललेली नाही, हे पाहून बरं वाटलं. मुलींच्या अंगात मुरल्यात त्या. दोन गुणांनी जिंकलो.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्यात: रेडिओवरचे ‘सर’ चेंडू जायच्या आधीच सांगतात. निर्मातीचा फोन. श्रोत्यांना हेच आवडलंय, दर वेळी करा, आपण त्याला ‘आधीच सांगतो’ असं नाव देऊ. हे जमलं तर हंगामानंतर पक्का करारही करू.

बायकोला कात्रण दाखवलं. ती म्हणाली, ‘घरात मात्र भाजी काय आहे ते ताटात पडल्यावरसुद्धा ओळखत नाही तुम्ही.’

२९ ऑक्टोबर, रविवार

काल चौदा गुणांनी हरलो. माझं सांगणं एकदाही चुकलं नाही, पण बास्केट होईना. मी ‘डावीकडून’ म्हणावं आणि डावीकडे दोघी आधीच उभ्या. पाहुण्यांचा डिफेन्स जबरदस्त होता, तसं मी रेडिओवर दोनदा सांगितलंही. चांगल्याला चांगलं म्हणायला हवं.

एक गोष्ट लिहून ठेवण्यासारखी. पाहुण्यांच्या बाकावर त्यांचा फिजिओ कानात रेडिओची वायर घालून बसला होता. मला वाटलं गाणी ऐकतोय. नंतर लक्षात आलं, खर्जबुवा काही विनोद करायचा तेव्हा तोही हसत होता. म्हणजे समोर सामना चाललाय आणि हा पठ्ठ्या आमचं वर्णन ऐकतोय. खर्जबुवा म्हणाला, असे बरेच असतात, बघूनही ऐकल्याशिवाय त्यांचं भागत नाही. मूठभर मांस चढलं.

५ नोव्हेंबर, रविवार

काल बाहेरच्या गावी सामना होता. बाहेरचे सामने रेडिओवर नसतात, त्यामुळे मी घरीच. संध्याकाळी निकाल कळला, अकरा गुणांनी जिंकल्या. परक्या हॉलमध्ये, परक्या गर्दीपुढं. आनंद झाला आणि कोड्यातही पडलो. माझ्या काळात नेमकं उलटं असायचं: घरी वाघ, बाहेर शेळी.

८ नोव्हेंबर, बुधवार

आज हॉलवर जाऊन आलो. देखभाल करणारे गृहस्थ जुने ओळखीचे. त्यांना गळ घालून लाकडी शिडी घेतली आणि टेपनं दोन्ही रिंगची उंची मोजली. डॉक्टरांनी शिडी चढायला मनाई केल्याचं आठवत नाही. दोन्ही रिंग बरोबर आहेत. मग जमिनीवर चेंडू आपटून पाहिला, सहा जागी. उसळी सारखीच. उन्हाळ्यात नवे दिवे बसवलेत, त्यांची तिरीप नेम धरताना डोळ्यांवर येत असेल का? खाली उभं राहून बराच वेळ वर पाहिलं. घरी आलो तर डोळ्यांपुढं हिरवे ठिपके. बायकोनं विचारलं काय झालं. शोध लावतोय, म्हटलं. ती काहीतरी बोलणार होती, पण बोलली नाही. हे तिच्या स्वभावात बसत नाही.

१२ नोव्हेंबर, रविवार

पुन्हा घरी हार. या वेळी पाहुण्यांच्या सहायक प्रशिक्षकानं दोन्ही कानांत वायरी घातल्या होत्या. श्रोते वाढतायत.

सामन्यानंतर जिन्यात लवंगी भेटली. डोळ्यांखाली काळं आलंय. मी दिव्यांचं सांगायला सुरुवात केली, तर तिनं मधेच विचारलं, ‘सर, तुम्हाला मजा येते का हो त्या टेबलावर?’

मी खरं ते सांगितलं. मायक्रोफोनची टोपी, तिरकं तोंड, खर्जबुवाचे खोकल्याच्या गोळ्यांचे डबे, लोकांचे फोन, सगळंच सांगत सुटलो. दहा मिनिटं तरी बोललो असेन. माझ्या अंगातला जोर परत आलाय, असंही म्हणालो. तिनं सगळं ऐकून घेतलं. एरवी तिला दोन मिनिटंही एका जागी उभं राहवत नाही.

‘बरं झालं,’ एवढंच म्हणाली आणि खाली गेली. तिच्या मनावर किती ताण आहे ते मला दिसलं. धीर द्यायला हवा होता, तर मी गोळ्यांचे डबे सांगत बसलो.

२० नोव्हेंबर, सोमवार

परवा बाहेर पुन्हा जिंकल्या. बाहेर जिंकतात, घरी हरतात. आता मी एका कागदावर रकाने पाडले आहेत: जमीन, दिवे, प्रेक्षक, प्रवास, जेवणाची वेळ. घरी सामना असला की मुली आपापल्या घरी जेवून येतात, बाहेर सगळ्या एकत्र जेवतात. यात काही असू शकेल. खर्जबुवाचं मत, घरच्यांसमोर दडपण येतं. पण मग माझ्या वेळी का येत नव्हतं?

कागद बायकोला दाखवला. तिनं चष्मा लावून, शाळेत उत्तरपत्रिका वाचायची तसा वाचला. म्हणाली, ‘एक रकाना राहिलाय.’ कुठला, विचारलं. ‘शोधा तुम्हीच,’ म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली.

हवामानाचा रकाना वाढवला.

आज सरावाला डोकावावं म्हणून हॉलवर गेलो तर दार आतून बंद. देखभालवाले गृहस्थ खाली मान घालून म्हणाले, बाईंनी सांगितलंय, कुणालाच सोडायचं नाही. मी म्हटलं, मी काय कुणीतरी आहे का? ते म्हणाले, तुमचं तर नाव घेऊन सांगितलंय. बावीस वर्षं त्या दाराची किल्ली माझ्या खिशात होती. घरी येईपर्यंत एकच प्रश्न: इतकं काय केलं मी तिचं?

२६ नोव्हेंबर, रविवार

घरी तिसरी हार. ‘आधीच सांगतो’ला आता सुरुवातीला एक छोटी धून लावलीय, ती वाजली की प्रेक्षकांतलेही लोक वर बघून हात हलवतात. पाहुण्यांकडून आज राखीव खेळाडूच कानात वायर घालून बसली होती. निर्माती खूश आहे. कराराचा मसुदा तयार आहे म्हणाली. मी खूश आहे की नाही, मला सांगता येत नाही. टेबलावर असतो तेव्हा असतो. खाली उतरलो की गुणफलक दिसतो.

समितीच्या अध्यक्षांनी नवा प्रशिक्षक बघून ठेवलाय, अशी कुजबुज आहे.

३ डिसेंबर, रविवार

काल बाहेरही हरल्या, तेही शेवटच्या चेंडूवर. आता नऊ तारखेला घरी शेवटचा सामना. जिंकल्या तर टिकल्या, हरल्या तर खालचा गट आणि लवंगीचा निकाल. दोन आठवडे दार बंदच आहे.

बायको फोनवर कुणाशीतरी हळू आवाजात बोलत होती. मी आलो तशी एकदम पडद्यांच्या कापडावर आली. फोन ठेवल्यावर विचारलं, कोण. म्हणाली, लवंगी. मी म्हटलं, तिला पडद्यांचं काय पडलंय अशा वेळी? त्यावर ती म्हणाली, माणसानं सारखा एकच विचार करू नये. माझ्याशी मात्र लवंगी तीन आठवडे बोललेली नाही.

१० डिसेंबर, रविवार

सकाळचे दहा वाजलेत. काल घरी येऊन तसाच आडवा झालो. आता सगळं क्रमानं लिहितो, कारण मला स्वतःलाच ते पुन्हा एकदा पाहायचंय.

हॉल खच्चून भरला होता. पाहुण्यांच्या प्रशिक्षकानं या वेळी स्वतःच्याच कानात वायर घातली होती. खर्जबुवानं मला कोपरानं ढोसून दाखवलं. आम्ही दोघं हसलो.

पहिल्या तीन क्वार्टरमध्ये नेहमीसारखंच. मी सांगावं आणि पाहुण्यांनी तिथं भिंत उभी करावी. नऊ गुणांनी मागं होतो. चौथा क्वार्टर सुरू झाला. लवंगीनं कानाची पाळी ओढली. मी म्हटलं, ‘डावीकडून स्क्रीन.’ पाहुण्यांच्या चौघी डावीकडे सरकल्या आणि चेंडू उंचावरून सरळ शिडीच्या हातात. बास्केट. खर्जबुवा माझ्याकडे बघायला लागला. होतं असं कधी, म्हणालो. मग तिनं कोपर खाजवलं. मी ‘उंच पास’ म्हणालो, आणि कोपऱ्यातून लांबचा नेम लागला. डोक्यावर मूठ ठेवली. कोपऱ्यातून, म्हणालो, तर डावीकडून एकजण मोकळी सुटली.

तिसऱ्यांदा चुकलो तेव्हा मला पहिल्यांदा माझा राग आला. दोन महिने कधी चुकलो नव्हतो. चौथ्यांदा चुकलो आणि खाली पाहिलं. पाहुण्यांचा प्रशिक्षक खेळाकडे बघतच नव्हता. तो मान वर करून माझ्याकडे बघत होता, अंगावर धावून येईल असा. मग त्यानं कानातली वायर ओढून काढली. लगेच परत घातली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. फिजिओ. दोन कानांत दोन वायरी. राखीव खेळाडू. बाहेरच्या सामन्यांना रेडिओ नसतो. मी दिवे बघत बसलो, रिंग मोजत बसलो, हवामानाचे रकाने पाडले. घरी हरण्याचं कारण वरच्या रांगेत टेबलामागं बसून मान वाकडी करून बोलत होतं. आणि त्याला टाळ्या मिळत होत्या.

मी मायक्रोफोन खाली ठेवला. खर्जबुवानं पाण्याचा पेला पुढं केला. घड्याळात चाळीस सेकंद होते, आम्ही एका गुणानं मागं, चेंडू आमच्याकडे. लवंगीनं टाइमआउट घेतला. मुली परत आल्या. तिनं कोपर खाजवलं. खाली पाहुण्यांचा प्रशिक्षक, त्यांच्या दोन खेळाडू, आणि इथं खर्जबुवा, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. धून वाजली.

‘उंच पास’ म्हणालो असतो तर ते ऐकणाऱ्यांशी खोटं बोलणं झालं असतं. पूर्वीच्या अर्थावर माझा आता विश्वास नव्हता. गप्प राहिलो असतो तर रेडिओवर नुसती खरखर. मी मायक्रोफोन जवळ घेतला आणि म्हणालो, ‘खूण तर मी बसवलेलीच आहे. पण पुढं काय होणार, ते मला माहीत नाही.’

रेडिओवर मी हे वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. बाकापाशी उभा असतानाही बावीस वर्षांत कधी उच्चारलं नसेल.

पाहुण्यांचा प्रशिक्षक तसाच हात अर्धवट उचलून उभा राहिला. त्याच्या मुली वळून वळून त्याच्याकडे बघत होत्या. आमची कप्तान शिडीकडे पळाली, पास देण्याचा आव आणला, आणि तीन पावलांत स्वतःच आत घुसली. काय होतंय ते कळायच्या आत चेंडू जाळीतून खाली आला होता. नंतर त्यांचा एक नेम रिंगला लागून बाहेर गेला. एका गुणानं जिंकलो. टिकलो.

मी ओरडलो. डॉक्टर ऐकत असतील तर ऐकोत. मायक्रोफोनच्या अगदी जवळून, सरळ तोंडानं ओरडलो. खर्जबुवानं पेटीचं बटण पटकन खाली केलं.

खाली जाऊन भेटायचा धीर झाला नाही. मागच्या जिन्यानं घरी आलो.

११ डिसेंबर, सोमवार

काल संध्याकाळी लवंगी घरी आली. बायकोनं तिला माझ्यासमोर बसवलं आणि स्वतः दाराच्या चौकटीत उभी राहिली, भांडण लागलं तर सोडवायला.

मी आधी माफी मागितली. शब्द नीट आले नाहीत. तीन सामने माझ्यामुळं घालवलेस, म्हणालो, आणि एकदाही बोलली नाहीस. किती दिवसांपासून ठाऊक होतं?

तुमच्या रेडिओवरच्या दुसऱ्या सामन्यापासून, म्हणाली. खुणा बदलायला तीन आठवडे लागले. अंगात मुरलेलं विसरायला मुलींना फार जड गेलं. शेवटच्या सामन्यात सुरुवातीला जुनाच अर्थ ठेवला, पाहुण्यांचा विश्वास बसावा म्हणून.

‘अगं, पण मला एक फोन करायचास. मी गप्प बसलो असतो.’

‘गप्प नसता बसला, सर. तुम्ही रेडिओच सोडला असता.’

ते खरं होतं. त्याच दिवशी सोडला असता.

‘काकूंना विचारलं मी,’ ती म्हणाली. ‘त्या म्हणाल्या, चार महिने हा माणूस खिडकीत बसून होता, आता सकाळी उठून आरशासमोर प-फ म्हणत असतो. मग मी काय करायचं होतं, सर?’

‘तुझी जागा गेली असती.’

‘हो. गेली असती.’ तिनं ते इतकं साधं सांगितलं की मला तिच्याकडे बघवेना. बायको चौकटीतून म्हणाली, मी तिला निदान सहा वेळा सांगितलं, त्यांना सांगून टाक म्हणून. ऐकलं नाही. कुणाची शिष्या आहे शेवटी.

मी रडलो. साठाव्या वर्षी बैठकीत दोन बायकांसमोर रडलो, हे लिहायला आता लाज वाटत नाही. माझं दार बंद केलं म्हणून मी तीन आठवडे तिच्यावर रुसून होतो.

आज सकाळी निर्मातीला फोन करून सगळं सांगितलं. ती आधी खूप वेळ हसली. मग म्हणाली, ‘आधीच सांगतो’ बंद केलं तर करार तोच राहील की नाही, वर विचारावं लागेल. विचारा, म्हटलं. मला बोलायला अजून आवडतं. चेंडू जाळीतून गेल्यावर बोलेन, म्हणजे कुणाचं बिघडणार नाही.

काल निघताना लवंगीनं चपला घातल्या, तेव्हा मला राहवेना. हळूच विचारलं, ‘आता कानाची पाळी म्हणजे उंच पास, कोपर म्हणजे लांबचा नेम, मूठ म्हणजे डावीकडून. पण शेवटच्या वेळी कोपर खाजवलंस आणि कप्तान आत घुसली. ते काय होतं? टाइमआउटमध्ये काय ठरलं होतं?’

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. वीस वर्षांत ती मला काही सांगितल्याशिवाय राहिलेली नाही. सरावातलं, घरातलं, सगळं आधी माझ्या कानावर यायचं.

‘सर, रेडिओवाल्यांना आम्ही खुणा सांगत नाही,’ ती म्हणाली, वाकून नमस्कार केला आणि जिना उतरून गेली.

मी दारात उभा राहून तिची पावलं खालच्या मजल्यापर्यंत ऐकत होतो. मग आत येऊन बायकोला विचारलं, तुला तरी माहीत आहे का. ती म्हणाली, हो.